उभं उडायचं की लांब उडायचं? मानवरहित विमानांच्या रचनेचा इतिहास आणि परभणीचं शिवार



आजचा विषय यंत्राचा आहे, पण आपण तो इतिहासाच्या अंगानं बघणार आहोत. जागेवरून सरळ वर उठायचं, जागेवरच उतरायचं आणि मधला वेळ तासन्‌तास हवेत राहायचं, अशी मानवरहित विमानं कशी घडत गेली, ते आज पाहू. परभणीत बसून हा विषय कशाला, असं कुणी विचारेल. उत्तर आपल्या शिवारातच आहे. सप्टेंबरात तूर छातीला लागलेली, पऱ्हाटी दाटलेली, काळं रान चिबडलेलं. अशा वेळी विमान उतरवायला शंभर मीटरची सपाट, कोरडी, मोकळी पट्टी कुठं सापडणार? धुऱ्यावर बाभळी, वरून विजेच्या तारा. सापडलंच तर खळ्याएवढी जागा सापडेल. म्हणजे आपल्याकडं विमान उडवायचं तर ते खळ्यातून उठणारं आणि खळ्यात उतरणारं हवं. आणि जिल्हा सव्वासहा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास असल्यामुळं ते वीस मिनिटांत खाली येणारं असूनही भागत नाही.

या दोन अपेक्षा एकमेकींच्या वैरी आहेत. गेल्या सव्वाशे वर्षांचा हा सगळा इतिहास त्या वैरातून वाट काढण्याचाच आहे.

आधी वैर समजून घेऊ

हवेत टिकून राहायचं तर हवेला खाली ढकलावं लागतं. इथं निसर्गाचा एक हिशेब आहे: थोड्या हवेला जोरात हाणण्यापेक्षा भरपूर हवेला हळू ढकलणं स्वस्त पडतं. जागेवर तरंगणाऱ्या यंत्राला त्याच्या पंख्यांच्या घेरात येईल तेवढीच हवा मिळते, म्हणून तिला जोरात हाणावं लागतं. पुढं धावणाऱ्या विमानाच्या पंखाला मात्र दर सेकंदाला नवी, न ढवळलेली हवा भेटत राहते, म्हणून ते प्रत्येक घासातून थोडंथोडंच घेतं.

आकड्यांत सांगतो. दहा किलो वजनाचं एक यान धरा. साधारण दीड फूट व्यासाचे चार पंखे लावून ते जागेवर तरंगत ठेवायला सोळाशे वॉटच्या आसपास वीज लागते. त्याच दहा किलोला बरा पंख लावला आणि सेकंदाला अठरा मीटर वेगानं पुढं नेलं, तर तीनशे वॉटच्या आसपास भागतं. पाचपटीचा फरक आहे. तीन किलोची लिथियमची बॅटरी घेतली तर तिच्यात वापरता येण्याजोगी साधारण ४८० वॉट-तास ऊर्जा असते. तरंगत राहिलात तर अठरा मिनिटांत ती संपली. उठायला-उतरायला मिळून तीन मिनिटं तरंगून बाकीचा वेळ पंखावर काढला, तर एक तास वीस मिनिटं मिळाली. बॅटरी तीच, वजन तेच. फरक फक्त हवेशी वागण्याचा.

मग सगळेच पंख का लावत नाहीत? कारण पंखाला धाव लागते, आणि धावेला जागा लागते.

चार पंख्यांची जुनी गोष्ट

लग्नात फोटो काढणारं चार पंख्यांचं ड्रोन आपल्याला कालपरवाची वस्तू वाटते. प्रत्यक्षात तिचं मूळ १९०७ सालात आहे. फ्रान्समधल्या दुए गावी लुई ब्रेगे, त्यांचे बंधू जाक आणि प्राध्यापक शार्ल रिशे यांनी चार टोकांना चार पंखे असलेलं यंत्र बांधलं. ते माणसासकट जमिनीपासून दोनेक फूट उचललं गेलं. पण चार माणसं चार कोपऱ्यांना धरून उभी होती, कारण सोडलं असतं तर ते कलंडलं असतं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पॉल कोर्नू यांचं दोन पंख्यांचं यंत्र काही सेकंद उचललं गेलं. ताकद पुरत होती, तोल राखता येत नव्हता.

यातली गंमत पुढं आहे. हेच लुई ब्रेगे नंतर साध्या, पंखांच्या विमानांकडं वळले, आणि विमान किती लांब जाईल याचं जे सूत्र आज प्रत्येक विद्यार्थी शिकतो ते त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. सूत्राचा अर्थ साधा: पंख किती चांगला आहे, इंजिन इंधनाचा किती उपयोग करतं, आणि एकूण वजनात इंधनाचा वाटा किती. उभं उडणं आणि लांब उडणं, दोन्ही टोकांना एकाच माणसाचं नाव आहे, पण दोन्ही गोष्टी एका यंत्रात त्यांनाही आणता आल्या नाहीत.

१९२२ च्या डिसेंबरात अमेरिकेत जॉर्ज द बोथेझात यांनी लष्करासाठी चार पंख्यांचं अजस्र यंत्र उडवलं. ते उडालं, पण गुंतागुंत इतकी की लष्करानं पुढं हात आखडता घेतला. ४ मे १९२४ रोजी फ्रान्समध्ये एतिएन ओमिशन यांनी आपल्या चार पंख्यांच्या यंत्रानं एक किलोमीटरची फेरी पुरी केली. वेळ लागला सात मिनिटं चाळीस सेकंद. म्हणजे माणूस झपाझप चालत गेला असता तर फार मागं राहिला नसता.

चार पंख्यांची वाट इथं जवळजवळ बंद झाली. १९३९ मध्ये सिकोर्स्की यांनी वर एक मोठा पंखा आणि शेपटीला एक छोटा पंखा ही मांडणी यशस्वी केली आणि हेलिकॉप्टर म्हणजे तेच, असं ठरून गेलं. त्याची कारणं दोन. मोठा एकच पंखा भरपूर हवा हळू ढकलतो, म्हणून तो स्वस्त. आणि चार पंख्यांचा तोल सेकंदाला शेकडो वेळा दुरुस्त करावा लागतो, जे माणसाच्या हाताला शक्य नाही. ते काम करणारं यंत्र यायला आणखी सत्तर वर्षं जावी लागली.

आपल्याकडचा धागा

हा विषय निघाला की सभेत एक प्रश्न हमखास येतो: शिवकर बापूजी तळपदे यांचं काय? १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी विमान उडवलं ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. इतिहास म्हणून सांगायचं तर त्या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा नाही. आणि ज्या 'वैमानिक शास्त्रा'शी ती कथा जोडली जाते त्याचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ मध्ये केला. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यात वर्णिलेली विमानं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तळपद्यांच्या धडपडीबद्दल आदर ठेवूनही कथेला पुरावा म्हणता येत नाही.

ज्याचा पुरावा आहे, त्याची कथा मात्र आपण सांगत नाही. कोल्हापूरकडच्या हसूरचे विष्णू माधव घाटगे. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. प्रांटल म्हणजे पंखाचं आधुनिक गणित मांडणारा माणूस. लांब आणि अरुंद पंख कमी कष्टात वजन उचलतो, हे त्यांच्याच सिद्धांतातून येतं. तासन्‌तास उडणाऱ्या प्रत्येक विमानाचे पंख लांब आणि निमुळते का दिसतात, याचं उत्तर तिथं आहे. घाटगे भारतात परतले आणि त्यांनी आरेखित केलेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये बंगळूरला उडालं. ते भारतात आरेखित झालेलं आणि कारखान्यात बनलेलं आपलं पहिलं शक्तिचलित विमान.

त्याच हिंदुस्थान एअरोनॉटिक्समधून पुढं दोन विमानं निघाली, त्यांची नावं ऐका. एक 'कृषक', १९५९ सालचं. नाव शेतकऱ्याचं, पण काम लष्करासाठी टेहळणीचं. दुसरं 'बसंत', खास पिकांवर फवारणी करण्यासाठी. त्याची सुधारित आवृत्ती १९७२ मध्ये उडाली. योगायोग असा की त्याच वर्षी, १८ मे १९७२ रोजी, परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. एका बाजूला शेतीसाठी विमान, दुसऱ्या बाजूला शेतीसाठी विद्यापीठ. विद्यापीठाची परभणी क्रांती भेंडी देशभर पोहोचली. बसंतची चाळीसही नगं बनली नाहीत. इतर कारणं असतीलच, पण एक कारण आपल्या डोळ्यांसमोर आहे: फवारणीच्या विमानाला धावपट्टी लागते आणि एका दमात मारता येईल असं सलग मोठं रान लागतं. आपल्याकडं दोन-चार एकरांचे तुकडे, प्रत्येकाचं पीक वेगळं, प्रत्येकाची फवारणीची तारीख वेगळी. विमान चांगलं होतं, पण ते आपल्या शिवाराच्या मापाचं नव्हतं.

दोन्ही एकत्र आणण्याचे प्रयत्न

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन्ही गुण एका यंत्रात आणायची चढाओढ लागली. अमेरिकेत कॉन्व्हेअर कंपनीनं 'पोगो' नावाचं विमान बांधलं. ते शेपटीवर उभं राहायचं, सरळ वर जायचं, मग आडवं होऊन पंखावर उडायचं. नोव्हेंबर १९५४ मध्ये वैमानिक कोलमन यांनी उभं-आडवं-उभं असा पूर्ण फेरा करून दाखवला. अडचण उतरताना आली. पाठीवर आडवं पडून, खांद्यावरून मागं जमीन बघत, हळूहळू खाली यायचं. कोलमनसारख्या निष्णात माणसाला ते जमलं, म्हणून ते प्रत्येकाला जमेल असं नव्हतं. बेत गुंडाळला गेला.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. पोगोचा खरा अडसर आत बसलेला माणूस होता. माणूस काढला तर मान वळवून बघण्याचा प्रश्नच उरत नाही. मानवरहित विमानांत शेपटीवर उभी राहणारी मांडणी पुन्हा जिवंत झाली, ती त्यामुळंच.

पण माणूस काढला की दुसरं संकट उभं राहतं. साठच्या दशकात अमेरिकी नौदलानं 'डॅश' नावाची मानवरहित हेलिकॉप्टरं जहाजांवर आणली. सातशेहून अधिक बांधली आणि त्यांतली पुष्कळशी समुद्रात गमावली. इलेक्ट्रॉनिक भाग स्वस्तातले, साधेच. एक भाग बिघडला तर त्याची जागा घेणारा दुसरा भाग नाही. आपल्या जिल्ह्याच्या नावानं एक म्हण सगळीकडं फिरते, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. ती आपल्याला उगाच चिकटली आहे; खरं तर ती या डॅशला शोभली असती. जमलं तर जमलं, नाही तर समुद्र.

शेतीत याच कल्पनेचं चांगलं रूप जपाननं घडवलं. खेड्यातली माणसं म्हातारी होत चालली, भातावर फवारणी कोण करणार, हा त्यांचा प्रश्न. यामाहा कंपनीनं १९८७ मध्ये आर-५० हे वीस किलो भार उचलणारं मानवरहित हेलिकॉप्टर आणलं, पुढं १९९७ मध्ये आरमॅक्स. जपानच्या भातखाचरांवर ते रुळलं. कारण त्यांनी तासन्‌तास उडण्याची हौस धरली नाही. भार उचलायचा, खाचर फवारायचं, खाली यायचं. काय सोडायचं हे आधी ठरवलं.

दुसऱ्या टोकाला अब्राहम कारेम. बगदादमध्ये जन्म, इस्रायलमध्ये शिक्षण, पुढं अमेरिकेत लॉस एंजेलिसला घराच्या गॅरेजमध्ये विमानं बांधणारा माणूस. त्यांच्या 'अल्बाट्रॉस' यानानं एका दमात ५६ तास हवेत काढले. आजच्या 'प्रिडेटर'चं मूळ तिथं आहे. पण ती धावपट्टीवरची विमानं होती. मग त्यांनी हेलिकॉप्टरालाच दीर्घजीवी करायचं मनावर घेतलं. नेहमीच्या हेलिकॉप्टरचा पंखा एकाच वेगानं फिरतो. कारेम म्हणाले, भार कमी झाला, वेग बदलला, की पंख्याचा वेगही कमी करू. विनाकारण हवा कशाला घुसळायची? त्यातून आलेलं ए-१६० 'हमिंगबर्ड' मे २००८ मध्ये १८.७ तास उडालं. विक्रम झाला. पण यंत्र नाजूक आणि महाग, आणि चारेक वर्षांत तोही प्रकल्प थांबला.

जुनी मांडणी परत आली

मग गेल्या पंधरा-वीस वर्षांत असं काय घडलं की सहा-सात किलोचं यान आज दोन तास उडतं आणि खळ्यात उतरतं? विमानशास्त्रात क्रांती झाली नाही. घडलं ते शेजारच्या दुकानांत. मोबाइल फोनसाठी कलतेपणा मोजणारे नखाएवढे संवेदक लाखोंनी बनू लागले. ताकदवान चुंबकांमुळं ब्रश नसलेल्या हलक्या मोटरी आल्या. लॅपटॉप आणि फोनसाठी लिथियमच्या बॅटऱ्या सुधारल्या. आणि यान सांभाळणारी संगणकीय आज्ञावली जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिली, ती फुकट उपलब्ध झाली. १९०७ साली चार कोपऱ्यांना जी चार माणसं उभी होती, त्यांची जागा एका काडेपेटीएवढ्या पाटीनं घेतली.

तेव्हा २०१४ च्या सुमारास एक साधी, थोडी ओबडधोबड वाटणारी मांडणी पुढं आली. साधं पंखांचं विमान घ्या, त्याला चार उभे पंखे जोडा. उठताना आणि उतरताना चार पंखे, मधल्या वेळी मागचा किंवा पुढचा एक पंखा आणि पंख. अमेरिकेच्या लॅटिट्यूड कंपनीच्या अशाच इंधनावर चालणाऱ्या यानानं २०१७ मध्ये बावीस तासांहून अधिक उड्डाण केलं.

या मांडणीचा दोष उघड आहे. आंबे उतरवायला शिडी लागते म्हणून ती शिडी पाठीवर बांधून बाजारापर्यंत चालायचं. चार मोटरी, त्यांचे पंखे, त्यांच्या दांड्या, दहा किलोत दीड किलो तरी वजन, आणि वर हवेचा अडथळा, तोही अख्ख्या उड्डाणभर. पंखेच वळवून पुढं तोंड करायचे ही दुसरी पद्धत शिडी वाचवते, पण वळवणारे सांधे आले. सांधा अडकला की यान गेलं. शेपटीवर उभं राहणारं तिसरं रूप सगळ्यांत हलकं, पण उभं असताना त्याचा अख्खा पंख शिडासारखा वारा धरतो. तिन्हींतलं निर्दोष कोणतंच नाही. कुठला दोष आपल्याला परवडतो, एवढंच निवडायचं असतं.

महाराष्ट्रात हे काम मुंबईच्या आयआयटीतून निघालेल्या मुलांनी केलं. अंकित मेहता, राहुल सिंग, आशिष भट आणि त्यांचे सहकारी यांची आयडियाफोर्ज कंपनी २००७ ची. पुण्याजवळ दिघी इथल्या संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेबरोबर त्यांनी 'नेत्र' हे चार पंख्यांचं यान केलं. २००९ च्या 'थ्री इडियट्स'मध्ये उडणारं यान त्यांचंच. २०१३ च्या उत्तराखंडच्या प्रलयात अडकलेल्या माणसांचा शोध घ्यायला नेत्र वापरलं गेलं. ते अर्धा तासभर टिकायचं. पुढचं पाऊल म्हणजे 'स्विच': साडेसहा किलोच्या आसपास वजन, पंख आणि उभे पंखे दोन्ही, दोन तास उड्डाण. जानेवारी २०२१ मध्ये भारतीय लष्करानं त्याची सुमारे दोन कोटी डॉलरची मागणी नोंदवली. अर्ध्या तासावरून दोन तासांवर यायला त्यांना दशकभराहून अधिक काळ लागला. हिमालयात चार हजार मीटरवर विरळ हवेत उठायचं, हे डोळ्यांपुढं ठेवून ते यान घडलं.

आपल्या मापाचं यान

हिमालयातली विरळ हवा आपल्याकडं नाही, पण उन्हाळा आहे. परभणी समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटरवर. मे महिन्यात ४३ अंश तापमान झालं की इथली हवा प्रमाण हवेपेक्षा सुमारे १३ टक्के पातळ होते. तरंगायला सुमारे ७ टक्के जास्त वीज लागते, पंख्याची कमाल उचल घटते, आणि उठताना बॅटरीतून सगळ्यांत जास्त प्रवाह ओढला जातो तेव्हाच ती आधीच तापलेली असते. त्यात दुपारची वावटळ. थंड देशात घेतलेल्या चाचणीचा कागद इथं जसाच्या तसा लागू होत नाही. इथल्या यानाला उचलीची शिल्लक जास्त हवी, आणि उतरताना नाक वाऱ्याकडं वळवून उतरायची अक्कल हवी.

आता यात पणाला काय लागलंय, ते सांगतो. दोन गोष्टी आहेत, आणि त्यांना दोन वेगळी यानं लागतात.

पहिली फवारणी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. उंच वाढलेल्या पऱ्हाटीत पाठीवर पंप घेऊन माणूस औषधाच्या ढगातून चालत होता. त्या माणसाला तिथून बाहेर काढणं हे फवारणीच्या ड्रोनचं पहिलं काम. त्याला लांब उडायची गरज नाही. दहा लिटर औषध दहा मिनिटांत संपतं, आणि त्याच्या पंख्यांचा खालचा झोत औषध पानांपर्यंत नेतो. इथं पंख लावणं चूक ठरेल. आपल्या कृषी विद्यापीठात अलीकडच्या वर्षांत डिजिटल शेतीच्या प्रकल्पातून ड्रोन, यंत्रमानव आणि स्वयंचलित यंत्रांवर काम उभं राहिलं. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये पंधरा हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. हे सगळं या पहिल्या जातीच्या यानाचं. त्यात एक बोचरा प्रश्नही आहे: ज्याच्या पाठीवरचा पंप उतरला, त्याची मजुरीही उतरली. ड्रोन चालवण्याचं, दुरुस्त करण्याचं काम त्याच्या घरात गेलं तर ठीक. नाही तर जीव वाचला आणि पोट उपाशी, असं व्हायचं.

दुसरी गोष्ट पाहणीची. अतिवृष्टी झाली, गोदेला, पूर्णेला, दुधनेला पाणी आलं, की पीक गेल्याची सूचना विमाधारक शेतकऱ्यानं ७२ तासांत द्यायची, असा नियम होता. पंचनामे मात्र आठवडे चालतात आणि तोवर पाणी ओसरतं, पुरावाही ओसरतो. समजा एका महसूल मंडळाचं क्षेत्र १२० चौरस किलोमीटर आहे. १२० मीटर उंचीवरून, फोटो एकमेकांवर चढवत, पन्नास मीटरची पट्टी धरत जायचं. चार पंख्यांचं साधं ड्रोन एका उड्डाणात पंधराएक किलोमीटर जातं, म्हणजे ७५ हेक्टर. मंडळ पुरं करायला १६० उड्डाणं. मघाचं आपलं दहा किलोचं पंखवालं यान वळणं वजा जाता ७५ किलोमीटर जातं, म्हणजे ३७५ हेक्टर. उड्डाणं ३२. हवेतल्या वेळाची बचत यात मध्यमच आहे. खरी बचत जमिनीवरची: चिखलातून, तुटलेल्या पुलांवरून १६० ठिकाणी पोहोचायचं की ३२ ठिकाणी. पुरात रस्ता हीच सगळ्यांत महाग वस्तू असते.

पण एक अडचण यंत्राची नाही, कायद्याची आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी पुष्कळ मोकळीक दिली. हिरव्या पट्ट्यात १२० मीटरपर्यंत आधी परवानगी काढावी लागत नाही. तरी सर्वसाधारण नियम असा की यान चालवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात राहिलं पाहिजे. नजरेपलीकडं नेण्यासाठी वेगळी परवानगी लागते. दोन तास उडणारं यान नजरेच्या टप्प्यातच घिरट्या घालत असेल, तर आपण पंखाचे पैसे देतो आणि काम पंख्याचं घेतो. नजरेपलीकडची उड्डाणं अशक्य नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला तीनशे लसी ड्रोननं नऊ-दहा मिनिटांत पोहोचवल्या गेल्या. आदिवासी पाड्यासाठी जे जमलं, ते पुराच्या तीन दिवसांपुरतं मराठवाड्यासाठी आधीच ठरवून ठेवता आलं पाहिजे. पूर आल्यावर अर्ज करायचा आणि पाणी ओसरल्यावर परवानगी यायची, याला काही अर्थ नाही.

शेवटी, या सभागृहात बसलेल्या अभियांत्रिकीच्या आणि कृषीच्या विद्यार्थ्यांसाठी. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर आपल्याकडं बंदी आहे, सुटे भाग मात्र आणता येतात. त्यामुळं मोटर आणि बॅटरी बाहेरून आणून इथं फक्त जुळणी करायची, असा सोपा रस्ता खुला आहे. त्यानं कारखाना उभा राहतो, आरेखन उभं राहत नाही. ब्रेगे ते कारेम, सगळ्यांच्या कहाणीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: ज्यानं आधी काम ठरवलं आणि मग काय सोडायचं ते ठरवलं, त्याचं यान टिकलं. ज्याला सगळंच हवं होतं, त्याचं यान एकदा उडून संग्रहालयात गेलं.

म्हणून कुणी यान घेऊन आलं, किंवा तुम्ही स्वतः बांधायला बसलात, तर चार प्रश्न विचारा. मे महिन्यात दुपारी दोन वाजता हे परभणीत किती वेळ उडतं? तरंगण्याचा वेळ आणि पंखावरचा वेळ वेगवेगळा किती? एक मोटर हवेत बंद पडली तर काय होतं? आणि जिंतूर-पालमला ते बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, किती दिवसांत? या चार प्रश्नांची सरळ उत्तरं ज्या दिवशी इथल्याच कुणी मुलानं किंवा मुलीनं दिली, त्या दिवशी आपल्या शिवाराच्या मापाचं यान तयार झालं असं समजा.